डॉ. कमल रणदिवे : एक जिद्दी संशोधिका



आमच्या माळव्यात थोर स्त्रियांचा विषय निघाला की प्रथम अहिल्याबाईंचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. परंतु स्तनाच्या कर्करोगावर आयुष्यभर संशोधन करणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांचे नावही धार-देवासच्या मुलींना ठाऊक असावे, असे आम्हास वाटते. या रोगाचे नाव शाळेच्या पत्रिकेत छापावे की नाही, यावर आमच्यात चर्चा झाली. शेवटी छापायचे ठरले.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. पण हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंनी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राची वाट धरली. १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाह झाला, तरी शिक्षण थांबले नाही. १९४३ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. नंतर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळविली. अमेरिकेत जाऊन शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र त्या शिकल्या आणि परत येऊन मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता व हार्मोन्स यांचा संबंध त्यांनी अभ्यासला. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणासाठी काम केले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

रोग का होतो, हा कमलताईंचा प्रश्न होता. रुग्णासमोर आणखी एक प्रश्न असतो : तो कुठवर पसरला? स्तनाचा कर्करोग पसरू लागला की बहुधा प्रथम काखेतील लसिका ग्रंथींत जातो. आज मॅमोग्राफीने स्तन आणि सोनोग्राफीने काख तपासतात. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट दिसते. रोग शिरल्यास ती अनेकदा गोल व जाड होते. शंका आल्यास सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सोनोग्राफीत काही दिसले नाही तरी बारीक प्रसार सुटू शकतो, म्हणून ऑपरेशनच्या वेळीही ग्रंथी काढून तपासतात. त्यावरूनच पुढील उपचार ठरतात.

आमच्या परिचयातील एका भगिनीने संकोचापायी काखेतील गाठ वर्षभर लपविली. तपासणी झाली तेव्हा फार उशीर झाला होता. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण प्रत्येक गाठ डॉक्टरांना दाखवायलाच हवी. इंदूर आपल्यापासून दूर नाही; दूर असतो तो संकोच.

मुलींनो, हा लेख घरी आईला, आजीला वाचून दाखवा. कमलताईंना हीच खरी आदरांजली ठरेल.