हेलन केनचा दावा आणि कोर्टात न आलेली एस्थर

बेटी बूप आपल्यापैकी अनेकांनी टी-शर्टवर पाहिली असेल. मोठे डोळे, कुरळे केस, आणि गाता गाता मध्येच लाडिक ‘बूप-बूप’. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओतून आलेल्या या कार्टूनवर हक्क सांगितला तो हेलन केन या गोऱ्या गायिकेने.

हेलनचा जन्म १९०४ चा, ब्राँक्समधला. आई लॉन्ड्रीत राबायची. १९२८ मध्ये ब्रॉडवेवरच्या ‘गुड बॉय’मुळे हेलन घराघरात पोहोचली. तिच्या नावाच्या बाहुल्या निघाल्या, नकलांच्या स्पर्धा झाल्या. मग मंदी आली, फॅशन बदलली आणि तिची कामे आटली. पडद्यावर मात्र बेटी तिच्याच ढंगात गात होती. १९३२ मध्ये हेलनने फ्लायशर आणि पॅरामाउंटवर अडीच लाख डॉलरचा दावा ठोकला.

१९३४ मध्ये सुनावणी झाली, तेव्हा बचाव पक्षाने एक वेगळेच नाव पुढे आणले: बेबी एस्थर. एस्थर जोन्स ही कृष्णवर्णीय बालगायिका. ती शब्दांच्या मधे असेच निरर्थक बोल पेरून गायची आणि हेलनने १९२८ मध्ये एका नाइट क्लबमध्ये तिला ऐकले होते, अशी साक्ष तिच्या माजी व्यवस्थापकाने दिली. एस्थरची बोलकी फिल्मही कोर्टात दाखवली गेली. न्यायाधीश मॅकगोल्ड्रिक यांनी हेलनचा दावा फेटाळला.

इथे आम्हाला थांबावेसे वाटते. स्टुडिओला एस्थरचा पुळका नव्हता. पैसे वाचवायला तिचे नाव कामी आले, एवढेच. ती स्वतः साक्षीला नव्हती. तिला ना श्रेय मिळाले, ना भरपाई. उलटतपासणीत त्या व्यवस्थापकाने स्टुडिओकडून २०० डॉलर घेतल्याचे कबूल केले, हेही विसरू नये.

आपल्या ग्रुपवर ‘खरी बेटी बूप’ म्हणून एक फोटो फिरतो. तो एस्थरचा नाही, अलीकडच्या एका मॉडेलचा आहे. तो पुढे पाठवू नका. निकालही एस्थरने ही शैली शोधली असा नव्हता. ती एकट्या हेलनची असल्याचे सिद्ध झाले नाही, असा होता. आणि ते खरेच आहे. निरर्थक बोलांचे हे गाणे, म्हणजे स्कॅट, कृष्णवर्णीयांच्या जाझमधून आले. लुई आर्मस्ट्राँगची त्या ढंगाची गाजलेली रेकॉर्ड १९२६ ची, म्हणजे हेलनच्या प्रसिद्धीच्या दोन वर्षे आधीची.

हेलन १९६६ मध्ये कर्करोगाने गेली. बेटीचा माल आजही विकला जातो.