केटे पाउलुस

जर्मनीतील हेसे प्रांतात त्सेलहाउझेन नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या खेड्यात २२ डिसेंबर १८६८ रोजी एका सामान्य घरात एक मुलगी जन्मास आली. तिचे नाव काथारीना. परंतु सारे तिला केटे म्हणत. घरची स्थिती बेताचीच होती. केटे शिवणकाम शिकली आणि त्याच कामावर आपला चरितार्थ चालवू लागली. कापड बेतावे, सरळ कापावे, टाका सारखा घालावा आणि शिवण पक्की झाली की नाही हे पुन्हा एकदा ताणून पाहावे, हीच तिची शाळा आणि हीच तिची विद्या. या साध्या विद्येच्या बळावर ही मुलगी एके दिवशी आकाशात चढेल आणि हजारो माणसांचे प्राण तिच्या टाक्यांवर अवलंबून राहतील, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

तो काळ बलूनचा होता. विमानाचा शोध अद्याप लागला नव्हता. कापडाच्या प्रचंड पिशवीत हलका वायू भरून माणसे आकाशात चढत आणि ते पाहण्यासाठी गावोगाव माणसांची जत्रा लोटत असे. काही धाडसी पुरुष उंच गेल्यावर बलून सोडून देत आणि हवाई छत्रीच्या आधाराने खाली उतरत. हे साहस प्रथम फ्रान्समधील आंद्रे गार्नेरँ याने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे करून दाखविले होते. त्याच्या छत्रीला माथ्यावर छिद्र नव्हते. त्यामुळे आत कोंडलेली हवा कडेने कशीबशी बाहेर पडे आणि छत्री लंबकासारखी हेलकावे खाई. पुढे माथ्यावर छिद्र ठेवण्याची युक्ती रूढ झाली व छत्री अधिक स्थिर झाली. परंतु सर्वांनाच असे यश आले नाही. इंग्लंडमध्ये १८३७ साली रॉबर्ट कॉकिंग या वृद्ध गृहस्थाने उलट्या शंकूच्या आकाराची नवी छत्री तयार केली. हिशेब करताना त्या अवजड छत्रीचे स्वतःचे वजन त्याने लक्षातच घेतले नाही. छत्री वाटेतच मोडली आणि त्याला प्राणास मुकावे लागले. आपल्या मुंबईच्या लोकांनीही १८८९ साली पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रज बलूनवीराला हवाई छत्रीने उतरताना मोठ्या आश्चर्याने पाहिले होते.

याच सुमारास केटेची हेर्मान लाटेमान या जर्मन बलूनवीराशी ओळख झाली. लाटेमान धाडसी होता, कल्पक होता. बलून आणि हवाई छत्र्या या कापडाच्याच वस्तू. त्या फाटत, उसवत, भिजत. त्यांची दुरुस्ती करण्यासाठी कुशल हाताची गरज असे. केटे त्याच्यासाठी शिवू लागली. शिवता शिवता त्या वस्तूंचे सारे मर्म तिला उमगू लागले. छत्री अनेक पाकळ्या जोडून होते. एका पाकळीची शिवण सुटली तर साऱ्या छत्रीवर भलताच ताण येतो. दोऱ्या समान लांबीच्या नसल्या तर छत्री एका अंगाला कलते. रेशीम ओले राहिले तर घड्या एकमेकींना चिकटतात आणि छत्री वेळेवर उघडत नाही. दोऱ्यांचा गुंता जमिनीवर सोडविता येतो. आकाशात त्यासाठी सवड नसते.

कापडाची ही भाषा समजू लागल्यावर केटेला केवळ शिवत बसणे रुचेना. आपणही आकाशात जावे अशी इच्छा तिच्या मनात उत्पन्न झाली. त्या काळी स्त्रीने असा विचार करणेही लोकांना विपरीत वाटे. परंतु केटेचा निश्चय ढळला नाही. तिने नीट शिक्षण घेतले, सराव केला आणि १८९३ साली ती बलूनमधून आकाशात गेली. त्याच वर्षी तिने हवाई छत्रीने पहिली उडी घेतली. शिवणकाम करणारी ही तरुणी लवकरच लाटेमानच्या बरोबरीने खेळ करू लागली. दोघांचा विवाहही ठरला होता.

पण नियतीच्या मनात वेगळेच होते. लाटेमानने एक नवी युक्ती शोधून काढली होती. उंच गेल्यावर बलूनमधील वायू सोडून द्यावयाचा आणि त्याच रिकाम्या कापडाची छत्री बनवून खाली उतरावयाचे, अशी ती कल्पना होती. १७ जून १८९४ रोजी क्रेफेल्ड या शहरात दोघे एकत्र आकाशात चढली. आधी केटेने उडी घेतली. तिची छत्री उघडली आणि ती सावकाश खाली उतरू लागली. मग लाटेमानने आपल्या बलूनमधील वायू सोडला. परंतु त्या कापडात हवा भरली नाही; त्याची छत्री झालीच नाही. छत्रीला लटकलेल्या केटेच्या डोळ्यांदेखत तो जमिनीवर कोसळला आणि गतप्राण झाला.

या आघाताने केटे खचून गेली. तिने पुन्हा कधी आकाशाकडे पाहिले नसते, तरी कोणी तिला दोष दिला नसता. तथापि काही काळाने तिने स्वतःला सावरले आणि ती पुन्हा बलूनकडे वळली. मात्र धैर्य असले म्हणजे झाले, अशा समजुतीने ती परतली नव्हती. लाटेमानच्या अंगी धैर्याची उणीव मुळीच नव्हती. त्याचा घात त्याच्या साधनाने केला. आकाशात उडी घेणाऱ्याने आपल्या साधनाचा दोरा न् दोरा ओळखला पाहिजे, हा धडा तिच्याइतक्या जवळून क्वचितच कोणी घेतला असेल.

आता लोक तिला केटेबाई म्हणून मानाने ओळखू लागले. केटेबाई आपल्या छत्र्या स्वतः शिवीत. त्यांच्या खेळांपैकी सर्वांत विलक्षण खेळ म्हणजे दोन छत्र्यांची उडी. बलून सोडल्यावर त्या प्रथम एका छत्रीने खाली येऊ लागत. थोड्या वेळाने ती छत्री त्या सोडून देत. जमलेले हजारो लोक श्वास रोखून पाहत. केटेबाई पुन्हा वेगाने खाली येऊ लागत आणि मग दुसरी छत्री उघडे. पाहणाऱ्यांना ही जादू वाटे. परंतु त्यात जादू नव्हती, गणित होते. पहिली छत्री किती उंचीवर सोडावयाची, दुसरी उघडण्यास किती अंतर लागते आणि त्यानंतर खाली किती उंची शिल्लक राहते, याचा हिशेब जमिनीवर पाय असतानाच पक्का करावा लागे. आकाशात गेल्यावर विचार करू म्हणणाऱ्याला विचार करण्यास वेळच उरत नाही.

याच काळात हवाई छत्रीत एक महत्त्वाची सुधारणा केटेबाईंच्या हातून झाली. पूर्वी ही छत्री बलूनला लांबलचक लटकवून ठेवीत. वाऱ्याने ती फडफडे, तिच्या दोऱ्या कोठेतरी अडकत आणि ती फाटण्याचाही संभव असे. केटेबाईंनी छत्रीची व्यवस्थित घडी घालून ती एका पिशवीत बसविली. आधी कापड, मग दोऱ्या, अशा ठराविक क्रमाने त्या घड्या घालावयाच्या. उडी घेणाऱ्याच्या अंगावरच्या पट्ट्यांना त्या दोऱ्या जोडलेल्या असत. त्याने उडी टाकली की त्याच्याच वजनाने आधी दोऱ्या ताणल्या जात, मग छत्री पिशवीतून बाहेर ओढली जाई आणि तिच्यात हवा भरे. छत्री सुटसुटीत झाली, सुरक्षित झाली. परंतु तिच्याबरोबर एक नवी जबाबदारीही आली. पिशवी बंद झाल्यावर आतील घडी दिसत नाही. बाहेरून सर्व पिशव्या सारख्याच. आत काळजीपूर्वक घातलेली घडी आहे की उतावळेपणाने कोंबलेले कापड आहे, हे उडी घेतल्यानंतरच कळते आणि तेव्हा चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून घडी घालणाऱ्याचा प्रामाणिकपणा हाच छत्रीचा खरा आधार ठरला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. केटेबाईंचे खेळ बंद पडले, परंतु त्यांच्या विद्येची आता खरी कसोटी होती. या युद्धात शत्रूच्या हालचाली टेहळण्यासाठी मोठमोठे बलून पोलादी तारेने जमिनीशी बांधून उंच सोडीत. त्याखालच्या टोपलीत बसलेला सैनिक दुर्बिणीने चौफेर पाही आणि टेलिफोनवरून खाली खबर देई. बलूनमध्ये हायड्रोजन वायू भरलेला असे. हा वायू ठिणगी पडताच पेट घेतो. शत्रूचे विमान आगीच्या गोळ्या झाडीत आले, की टोपलीतील सैनिकापुढे एकच मार्ग उरे. टोपलीच्या बाजूला बांधलेल्या पिशवीवर विश्वास ठेवून उडी घेणे.

त्या पिशव्या केटेबाई बर्लिन येथे तयार करीत होत्या. युद्धकाळात सुमारे ७००० हवाई छत्र्या त्यांनी सैन्यासाठी तयार केल्या. आता प्रश्न एका केटेच्या जिवाचा नव्हता. दूर रणभूमीवर उभ्या असलेल्या, कधीही न पाहिलेल्या सैनिकाचा जीव प्रत्येक टाक्यात गुंतलेला होता. पेटत्या बलूनखालून उडी घेतलेले अनेक सैनिक या छत्र्यांमुळे सुखरूप घरी परतले. त्यांपैकी बहुतेकांना आपली छत्री कोणी शिवली हे ठाऊकही नसेल. केटेबाईंच्या या सेवेबद्दल जर्मन शासनाने युद्ध चालू असतानाच त्यांचा पदक देऊन गौरव केला.

युद्धानंतर जग बदलले. विमानांचे युग सुरू झाले आणि बलूनचे खेळ मागे पडले. पाचशेहून अधिक वेळा बलूनमधून आकाशात गेलेल्या आणि सुमारे दीडशे वेळा हवाई छत्रीने खाली उतरलेल्या केटेबाई २६ जुलै १९३५ रोजी बर्लिन येथे मृत्यू पावल्या. आकाशाने त्यांना कधी दगा दिला नाही. कारण त्यांनीही आकाशाला कधी गृहीत धरले नाही.

हवाई छत्री आज कितीतरी पुढे गेली आहे. हौसेने आकाशातून उड्या घेणारे लोक आता जगभर आहेत. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत एक मुख्य आणि एक राखीव अशा दोन छत्र्या असतात. मुख्य छत्री बिघडली तर ती सोडून देऊन राखीव छत्री उघडावयाची असते. केटेबाईंनी लोकांपुढे केलेला खेळ असा आज प्राणरक्षणाचा नियम झाला आहे. राखीव छत्रीची घडी प्रशिक्षित जाणकारच घालतो. ठराविक उंचीखाली आल्यावरही माणूस वेगाने पडत असेल, तर राखीव छत्री आपोआप उघडणारे लहानसे यंत्रही पुष्कळ पिशव्यांत असते. तरीही शिकविणारे नवशिक्यास पहिल्या दिवसापासून बजावतात, की यंत्र आहे म्हणून निष्काळजी राहू नये. पट्टे स्वतः तपासावेत, मुठी कोठे आहेत हे न पाहताही हाताला ठाऊक असावे, उंची दाखविणाऱ्या घड्याळाकडे लक्ष असावे आणि मनात शंका असेल तर त्या दिवशी उडी घेऊ नये. शंका विचारण्यात कमीपणा नाही. शंका दडवून ठेवण्यात मात्र मोठा धोका आहे.

आपल्या देशातही छत्रीधारी सैनिक आहेत. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइल येथे आपल्या सेनेची एक छत्रीधारी पलटण विमानांतून शत्रूच्या पिछाडीस उतरली. ही पलटण मूळची मराठा पायदळातील होती. त्या जवानांच्या छत्र्या विमानाला जोडलेल्या पट्ट्याने ओढून उघडत. उडी घेणाऱ्याच्या वजनाने पिशवीतील छत्री आपोआप बाहेर पडावी, हे केटेबाईंच्या पिशवीतील तत्त्वच त्या पट्ट्यातही होते.

आकाशातून उडी घेण्याचा प्रसंग आपल्यापैकी फार थोड्यांवर येईल. परंतु सायकलचा ब्रेक, विहिरीवरचा दोर, होडीचे वल्हे, विजेचे बटण अशी कितीतरी साधने आपण रोज वापरतो आणि ती सुस्थितीत असतीलच असे गृहीत धरतो. साधन वापरण्यापूर्वी ते पाहून घेणे, ते कसे चालते हे समजून घेणे आणि दुसऱ्याच्या हाती देताना ते बिनचूक करून देणे, हे काम कोणाला दिसत नाही व त्याबद्दल टाळ्याही पडत नाहीत. केटेबाईंच्या उड्या पाहून लोकांनी टाळ्या वाजविल्या. परंतु त्यांचे प्राण राखले ते उडीपूर्वी एकांतात, शांत चित्ताने घातलेल्या घडीने.