८०व्या वर्षी नवा पक्ष काढून नेहरूंना आव्हान देणारे राजाजी

‘लायसन्स-परमिट राज’ म्हटलं की आपल्याला १९९१ आठवतं. पण हा शब्द त्याच्या ३० वर्षं आधी रूढ केला तो चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजेच राजाजींनी.

जन्म १० डिसेंबर १८७८, तमिळनाडूतलं थोरापल्ली. सेलममध्ये वकिली केली, मग गांधीजींसोबत आले. १९३० मध्ये वेदारण्यमचा मिठाचा सत्याग्रह त्यांनीच केला. त्यांची मुलगी लक्ष्मी गांधीजींची सून झाली. तरीही १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनाला त्यांनी विरोध केला. १९४८ मध्ये ते गव्हर्नर जनरल झाले. या पदावर बसलेले ते एकमेव भारतीय.

काँग्रेसशी फारकत का?

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसने नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. शेतकऱ्याची जमीन धोक्यात येईल, असं राजाजींना वाटलं. त्याच वर्षी त्यांनी मिनू मसानी, एन. जी. रंगा यांच्यासोबत ‘स्वतंत्र पक्ष’ काढला.

राजाजी परंपरा मानणारे होते. पण त्यांचा मुख्य मुद्दा राज्यघटनेचा होता. बहुमत कितीही मोठं असलं, तरी सरकारने नागरिकांच्या मूलभूत हक्कांना हात लावू नये. प्रत्येक कामाला परवाना लागला की भ्रष्टाचार वाढतो. आणि सरकारला आवर घालायला भक्कम विरोधी पक्ष हवाच.

मग टीका कशावर?

१९५२ मध्ये मद्रासमध्ये काँग्रेसला बहुमत नव्हतं. राजाजींनी निवडणूकही लढवली नव्हती. राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नेमलं आणि ते मुख्यमंत्री झाले. घटनेची मर्यादा सांगणाऱ्या नेत्याचा हा मार्ग अनेकांना खटकला.

१९५३ मध्ये त्यांनी ग्रामीण भागात शाळेची वेळ कमी केली. उरलेल्या वेळात मुलांनी घरचं काम शिकायचं होतं. म्हणजे न्हाव्याच्या मुलाने न्हावीच व्हायचं का, असा सवाल द्रविड चळवळीने केला. १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावं लागलं.

पुढे काय झालं?

स्वतंत्र पक्षाला लोकसभेत १९६२ मध्ये १८ आणि १९६७ मध्ये ४४ जागा मिळाल्या. तो सर्वात मोठा विरोधी पक्ष ठरला. १९७१ मध्ये मात्र ८ जागाच उरल्या. २५ डिसेंबर १९७२ रोजी राजाजी गेले. दोन वर्षांत पक्षही दुसऱ्या पक्षात विलीन झाला.

१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. १९९१ मध्ये परवाना राज मोडायला घेतलं ते मात्र काँग्रेसच्याच सरकारने.