भास्कराचार्यांचा कुट्टक

भास्कराचार्य म्हटले की आपल्याला ‘लीलावती’ आठवते. त्याच ग्रंथातील ‘कुट्टक’ मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. मी पेशाने डॉक्टर, गणिती नव्हे. तरीही त्याची ओळख करून द्यावीशी वाटते.

भास्कराचार्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114 मधला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलवीड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या 36व्या वर्षी, 1150 साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग.

कुट्टक म्हणजे कुटणारा. खलबत्त्यात सुंठ कुटावी, तशा मोठ्या संख्या भागाकार करीत करीत बारीक करायच्या. ही रीत आर्यभटांच्या 499 सालच्या ग्रंथातही आहे. भास्कराचार्यांनी ती उदाहरणांसह सविस्तर मांडली. त्यातील ‘स्थिर कुट्टक’ असा: 17 ला कितीने गुणून 60 ने भागले असता बाकी 1 उरेल? 60 ला 17 ने भागा, बाकी 9. 17 ला 9 ने, बाकी 8. 9 ला 8 ने, बाकी 1. याच पायऱ्यांनी उलटे मागे आले की उत्तर मिळते 53. ताळा पाहा: 17 × 53 = 901, म्हणजे 60 ची 15 पट अधिक 1. यालाच आज ‘मॉड्युलर इन्व्हर्स’ म्हणतात. ग्रहगणितातील बाकीवरून गेलेले दिवस काढण्यासाठी ज्योतिर्विद कुट्टक वापरीत.

1977 साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी गुप्तलेखनाची जी पद्धत काढली, तिलाही असाच गुणक लागतो. 7 आणि 11 या मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार 77 आणि सोबत 17 हे आकडे जगजाहीर करायचे. त्यांनी कोणीही निरोप कुलूपबंद करावा. उघडण्याची किल्ली 53. ती काढायला 60, म्हणजे 6 × 10, ठाऊक हवेत आणि त्यासाठी 77 चे अवयव. इथे ते सहज दिसतात. शेकडो अंकी संख्येचे मात्र आजच्या संगणकांनाही सापडत नाहीत. भास्कराचार्यांनी गुप्तलेखन शोधले, असा दावा नको; पण किल्ली घडवण्याची रीत त्यांच्या ग्रंथात नक्की आहे.

त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. त्याची साक्ष देणारा शिलालेख 1865 साली विद्वानांपुढे आणला तो मुंबईच्या एका डॉक्टरांनी, भाऊ दाजी लाड यांनी. आम्हा डॉक्टरमंडळींना याचा विशेष अभिमान!

बर्लिनमधली आपली मुले गणित जर्मनमधून शिकतात. हे 17 आणि 60 चे उदाहरण त्यांना घरी एकदा मराठीतून जरूर करून दाखवावे.