विश्लेषण : दाढी-मिशांच्या जागेवरचे जुने व्रण कसे झाकतात? तांब्याचे चेहरे घडवणाऱ्या अ‍ॅना लॅड कोण होत्या?

दाढीच्या जागेवरचा जुना व्रण लपवणे हे कपाळावरचा डाग लपवण्यापेक्षा अवघड असते. व्रणावर केस उगवत नाहीत. त्यामुळे दाढी वाढवली की मध्येच मोकळी रेघ दिसते आणि गुळगुळीत दाढी केली तरी आजूबाजूच्या निळसर झाकेत तेवढाच पट्टा उठून दिसतो. त्वचेच्या रंगाचे क्रीम लावून ही अडचण पूर्ण सुटत नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका अमेरिकन शिल्पकाराने या अडचणीवर बारकाईने काम केले. त्यांचे नाव अ‍ॅना कोलमन लॅड.

कोण होत्या अ‍ॅना लॅड?

अ‍ॅना यांचा जन्म १८७८ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रिन मॉर येथे झाला. माहेरचे आडनाव वॉट्स. शिल्पकलेचे शिक्षण त्यांनी पॅरिस आणि रोममध्ये घेतले. १९०५ मध्ये डॉ. मेनार्ड लॅड यांच्याशी विवाह झाल्यावर त्या बोस्टनला स्थायिक झाल्या. कारंज्यांवरच्या मूर्ती, अर्धपुतळे अशी कामे त्या करत. बोस्टनच्या सार्वजनिक उद्यानात त्यांचे ‘ट्रायटन बेबीज’ हे शिल्प आजही आहे. त्यांनी दोन कादंबऱ्याही लिहिल्या. पहिले महायुद्ध झाले नसते, तर त्यांची ओळख कदाचित एवढ्यावरच राहिली असती.

चेहऱ्यांवर इतक्या जखमा का झाल्या?

पहिले महायुद्ध मुख्यतः खंदकांतून लढले गेले. शरीर खंदकात सुरक्षित असे, पण डोके वर काढले की गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा थेट चेहऱ्यावर येई. पोलादी शिरस्त्राणांमुळे आणि सुधारलेल्या उपचारांमुळे पूर्वी दगावले असते असे अनेक सैनिक वाचले. मात्र कुणाचा जबडा, कुणाचे नाक, तर कुणाचा अर्धा गाल गेलेला होता.

इंग्लंडमध्ये सिडकप येथे १९१७ मध्ये सुरू झालेल्या क्वीन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. हॅरॉल्ड गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हजारांहून अधिक सैनिकांवर ११ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. कपाळाची कातडी वळवून नाक घडवण्याची जुनी भारतीय रीतही अशा शस्त्रक्रियांच्या मुळाशी होती. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानावर झालेल्या अशा शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला आणि युरोपातील डॉक्टरांचे लक्ष तिकडे वळले.

तरीही प्रत्येक चेहरा शस्त्रक्रियेने सावरत नव्हता. सिडकपच्या रस्त्यावर काही बाके निळी रंगवलेली होती. तिथे रुग्णालयातले सैनिक बसतात, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना आधीच कळावे, दचकायला होऊ नये, हा त्यामागचा हेतू. जखम भरली, तरी लोकांच्या नजरेला तोंड देणे बाकी होते.

मुखवट्यांची कल्पना कुठून आली?

लंडनमधील शिल्पकार फ्रान्सिस डर्वेंट वुड सैन्याच्या वैद्यकीय पथकात दाखल झाले होते. ज्यांच्यासाठी शस्त्रक्रियेने आणखी काही करता येत नाही, अशा सैनिकांसाठी त्यांनी धातूचे मुखवटे बनवायला सुरुवात केली. सैनिकांनी त्यांच्या विभागाला गमतीने ‘टिनच्या नाकांचे दुकान’ असे नाव दिले.

हे काम लॅड यांच्या कानावर आले. त्यांचे पती युद्धकार्यासाठी फ्रान्सला गेले होते. वुड यांच्याकडून पद्धत समजून घेऊन त्याही १९१७ च्या अखेरीस फ्रान्सला पोहोचल्या आणि अमेरिकन रेड क्रॉसच्या मदतीने त्यांनी पॅरिसमध्ये मुखवट्यांचा स्टुडिओ सुरू केला. ही जागा इस्पितळासारखी वाटू नये याची त्यांनी काळजी घेतली. खोलीत फुले होती, भिंतींवर चित्रे आणि झेंडे होते. आलेल्या सैनिकाला वाइन, चॉकलेट दिले जाई, डोमिनोचा डाव मांडला जाई. चेहऱ्याकडे कुणी टक लावून पाहत नसे.

मुखवटा कसा तयार होई?

आधी सैनिकाच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला जाई. त्यावरून चेहऱ्याची प्रतिकृती तयार होई. जखमेपूर्वीचे छायाचित्र समोर ठेवून लॅड गेलेला भाग त्या प्रतिकृतीवर घडवत. मग विद्युत प्रक्रियेने तांब्याचा पातळ थर चढवून मुखवटा बनवला जाई. त्याची जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी, तर वजन आकारानुसार साधारण ११५ ते २५५ ग्रॅम असे. बहुतेक मुखवटे चष्म्याच्या काड्यांच्या आधाराने कानांवर अडकवले जात. एका मुखवट्याला साधारण महिना लागे.

दाढी-मिशांसाठी काय केले जाई?

रंगकाम सैनिकाच्या चेहऱ्यावर मुखवटा चढवूनच केले जाई. साधा तैलरंग लवकर उडे, म्हणून लॅड यांनी धुता येईल असा कठीण एनॅमल रंग निवडला. ढगाळ दिवशी त्वचा वेगळी दिसते, उन्हात वेगळी. त्यामुळे त्या दोन्हींच्या मधली छटा घेत.

खरी कसोटी गाल आणि हनुवटीवर लागे. दाढी केलेल्या पुरुषाच्या गालावर कातडीखालच्या केसांमुळे निळसर झाक असते. मुखवट्याचा गाल नुसता गुलाबी रंगवला, तर तो उरलेल्या खऱ्या गालाशेजारी लगेच परका दिसे. म्हणून लॅड ती निळसर झाकही रंगवत. भुवया, पापण्या आणि मिशा खऱ्या केसांच्या लावल्या जात. फ्रेंच सैनिकाला लोक ज्या नावाने ओळखत, त्याचा अर्थच ‘केसाळ’ असा होता. अशा सैनिकासाठी मिशी परत मिळणे म्हणजे जुनी ओळख काही प्रमाणात परत मिळणे होते. काही मुखवट्यांचे ओठ किंचित उघडे ठेवले जात, म्हणजे सिगारेट धरता येई.

मर्यादा काय होत्या?

मुखवट्याने चावता येत नसे, गिळण्याचा त्रास जात नसे. चेहऱ्यावर हसू किंवा राग उमटत नसे. रंग काही वर्षांत खराब होई. माणसाचे वय वाढे, मुखवटा मात्र होता तसाच राही. शिवाय संख्या तुटपुंजी होती. चेहऱ्यावर जखमा झालेले सैनिक हजारोंच्या संख्येने होते आणि १९१९ च्या अखेरपर्यंत या स्टुडिओत तयार झाले १८५ मुखवटे. युद्ध संपल्यावर पैसा आटला आणि १९२० मध्ये स्टुडिओ बंद पडला.

पण ज्यांना मुखवटा मिळाला, त्यांच्यासाठी फरक मोठा होता. ते रस्त्यावर, आगगाडीत, घरच्या माणसांसमोर जाऊ लागले. एक सैनिक तर मुखवटा झिजून खराब झाला तरी तो सतत घालत असल्याची नोंद लॅड यांनी केली आहे.

पुढे काय झाले?

लॅड बोस्टनला परतल्या आणि पुन्हा शिल्पकामाकडे वळल्या. १९३२ मध्ये फ्रान्सने त्यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला. नंतर त्या कॅलिफोर्नियात राहायला गेल्या आणि १९३९ मध्ये सांता बार्बरा येथे त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी जपानमध्ये डॉ. शोजी ओकुडा यांनी व्रण पडलेल्या जागी, अगदी मिशीच्या भागातही, केसांचे रोपण करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. युद्धामुळे ती पाश्चात्त्य डॉक्टरांपर्यंत पोहोचायला बरीच वर्षे लागली. मिशीचे केस वरून चिकटवण्याऐवजी थेट व्रणात रुजवण्याचा मार्ग मात्र तिथून खुला झाला.

आज कोणते पर्याय आहेत?

मेकअप : लालसर व्रणावर आधी हिरवट छटेचे क्रीम, त्यावर त्वचेच्या रंगाचे घट्ट कन्सीलर आणि शेवटी पावडर. दाढीच्या जागी त्यावर निळसर-करड्या रंगाचे बारीक ठिपके दिले की रंग एकसारखा दिसतो. लॅड यांनी नेमके हेच ओळखले होते.

वैद्यकीय टॅटू : खुंटांसारखे सूक्ष्म ठिपके त्वचेत गोंदले जातात. काही वर्षांत ते फिकट होतात आणि पुन्हा गोंदावे लागतात. दाढी वाढवल्यावर मात्र ठिपके उपयोगी पडत नाहीत.

केसरोपण : हनुवटीखालचे किंवा डोक्याच्या मागचे केस व्रणात लावले जातात. व्रणाला रक्तपुरवठा कमी असल्याने सगळे केस रुजत नाहीत. म्हणून अनेक डॉक्टर आधी थोडे केस लावून पाहतात. व्रण जुना आणि स्थिर झालेला असावा लागतो.

लेझर, फिलर, व्रणाची पुनर्शस्त्रक्रिया : लाली, खड्डा किंवा रुंदी कमी करण्यासाठी हे उपाय वापरतात. काही प्रकाश-उपचारांनी आजूबाजूचे केसही विरळ होऊ शकतात. त्यामुळे दाढी राखायची असेल, तर हे आधीच त्वचारोगतज्ज्ञांना सांगावे.

ज्यांचे व्रण फुगून वाढतात, म्हणजे ज्यांना केलॉइडची प्रवृत्ती आहे, त्यांनी टोचण्याचे किंवा कापण्याचे उपाय तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय करू नयेत.

यातील कोणताही उपाय व्रण पूर्णपणे पुसत नाही. लॅड यांचे मुखवटेही तसा दावा करत नव्हते. समोरच्याची नजर चेहऱ्यावर अडकू नये आणि माणसाला घराबाहेर पडता यावे, एवढेच त्यांना साधायचे होते. व्रण झाकण्यासाठी किती पैसा, वेळ आणि त्रास सोसायचा, हे ठरवतानाही हाच हिशेब कामी येतो.