निबंधमालाकार चिपळूणकर : स्वाभिमानाचे शिल्पकार, सुधारणांचे टीकाकार

अवघ्या बत्तीस वर्षांच्या आयुष्यात मराठी गद्याला नवे तेज देणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर हे एकोणिसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी आणि तितकेच वादग्रस्त भाष्यकार होते. २० मे १८५० रोजी पुण्यात जन्मलेल्या विष्णुशास्त्रींना विद्येचा वारसा वडील कृष्णशास्त्री यांच्याकडून मिळाला. १८७२ मध्ये बी. ए. झाल्यावर त्यांनी सरकारी शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली.

जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. त्याचे ८४ अंक निघाले आणि जवळजवळ सर्व मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. इंग्रजी शिक्षणामुळे नवशिक्षितांच्या मनात स्वदेश, स्वभाषा आणि स्वधर्म यांविषयी न्यूनगंड निर्माण झाला आहे, अशी त्यांची धारणा होती. मात्र इंग्रजी विद्येला त्यांचा विरोध नव्हता. जॉन्सन आणि मेकॉले यांच्या शैलीचा ठसा त्यांच्या लेखनावर स्पष्ट दिसतो.

त्यांच्या लेखणीचा प्रहार मिशनऱ्यांइतकाच स्वकीय सुधारकांवरही झाला. समाजाचे दोष परखडपणे दाखवणारे लोकहितवादी आणि जातिव्यवस्थेवर आघात करणारे महात्मा जोतीराव फुले यांची त्यांनी बोचऱ्या उपहासाने संभावना केली. फुले यांच्या भाषेतील व्याकरणाचे दोष काढताना त्यांनी उपस्थित केलेल्या अन्यायाच्या मूळ प्रश्नाला विष्णुशास्त्रींनी न्याय दिला नाही, हा आक्षेप आजही कायम आहे.

१८७९ मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल स्थापन केले. टिळक, आगरकर आणि नामजोशी त्यांना येऊन मिळाले. १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही वृत्तपत्रे सुरू झाली. आर्यभूषण छापखाना आणि चित्रशाळा यांच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. १७ मार्च १८८२ रोजी त्यांचे अकाली निधन झाले.

'आमच्या देशाची स्थिती' या त्यांच्या निबंधावर पुढे ब्रिटिश सरकारने घातलेली बंदी १९३७ मध्ये उठली. त्यांच्या वारशातील दुभंग मात्र फार आधी प्रकट झाला होता. त्यांच्याच शाळेतून पुढे आलेल्या टिळकांनी स्वाभिमानाचा धागा राजकारणात नेला, तर आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढून विष्णुशास्त्रींनी धिक्कारलेल्या समाजसुधारणेचाच पुरस्कार केला. परकीय सत्तेपुढे ताठ मानेने उभे राहण्यास शिकवणाऱ्या या लेखकाने स्वसमाजाच्या दोषांकडे पाठ फिरवली, हीच त्यांच्या कर्तृत्वाची मर्यादा ठरली.