तुळशीची कुंडी आणि अख्ख्या शहराचा आराखडा: पॅट्रिक गेडिस कोण होते?

मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे हल्ली नव्या घरांच्या जाहिरातींत मधोमध चौक, घरात झाड, हिरवी गच्ची असं सगळं दिसतं. भविष्यातलं घर म्हणे! पण धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानं सरळ उत्तरेला गेलं की इंदूर लागतं, आणि तिथे एका स्कॉटिश माणसानं शंभरेक वर्षांपूर्वी हेच सुचवलं होतं.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. १८७९ मध्ये मेक्सिकोत त्यांचे डोळे बिघडले आणि कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावरचं काम सुटलं. मग झाडाकडे बघावं तसं ते शहराकडे बघू लागले. शहर वाढतं, आजारी पडतं आणि बरंही होतं, असं त्यांना वाटायचं. १८८६ मध्ये ते पत्नी ॲनासह एडिंबरोच्या एका गलिच्छ चाळीत राहायला गेले. साफसफाई केली, भिंती रंगवल्या, खिडक्यांत फुलझाडं लावली, आसपासच्या रिकाम्या जागांत बागा केल्या.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचं नगररचनेचं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज जर्मनांच्या एम्डेन युद्धनौकेनं बुडवलं, तरी ते थांबले नाहीत. त्या काळी दाट वस्तीवर सरकारी उपाय एकच होता: पाडापाडी करून रुंद सरळ रस्ते काढायचे. गेडिस गल्लीबोळ पायी फिरायचे. पडायला आलेलं एखादं घर काढायचं, तिथे मोकळी जागा आणि झाड ठेवायचं, बाकीचं तसंच राहू द्यायचं. पूर्ण कापाकापी न करता नेमकी छोटी शस्त्रक्रिया.

१९१७ चं वर्ष त्यांच्यासाठी भयंकर होतं. एप्रिलमध्ये मुलगा ॲलस्टर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना कलकत्त्यात आजारी होत्या. गेडिस यांनी ही बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवली, आणि जूनमध्ये त्याही गेल्या.

त्याच वर्षी होळकरांच्या इंदूरचं काम सुरू होतं. शहरात प्लेगची दहशत. नकाशे घेऊन फिरणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाला बघून लोक घाबरायचे. नकाशा आला म्हणजे घर पडणार, हा त्यांचा अनुभव होता. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली. जो भाग सर्वांत स्वच्छ, तिथून मिरवणूक जाणार अशी घोषणा झाली आणि घराघरांतून कचरा निघाला. मिरवणुकीत हत्ती होते, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा मोठा उंदीर होता. शेवटी गाड्या आल्या त्या तुळशीच्या रोपांच्या, छोट्या छोट्या कुंड्यांतून वाटण्यासाठी.

तुळशीचीच निवड का? गेडिस यांच्या लेखी तुळस म्हणजे नीट राखलेल्या घराची खूण आणि घरबागेची सुरुवात. १९१८ चा त्यांचा इंदूर अहवाल दोन खंडांचा आहे. नळ-गटारांइतकाच तो अंगण, ओसरी आणि झाडांबद्दल बोलतो. खानदेशातल्या वाचकाला यात नवीन काय वाटणार म्हणा! आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती दिवसाचं ऊन लवकर आत येऊ देत नाहीत. रात्री गार हवा जड होऊन चौकात उतरते. दारातला लिंब सावली देतो आणि पानांतून पाणी सोडून भोवतालची हवा थंड करतो. आज आपण ही घरं पाडून काचेच्या दर्शनी भिंती उभ्या करतो आणि मग एसी लावतो. हा उलटा प्रकार मला तरी पटत नाही. चार मजली इमारतीत अंगण जमणार नाही हे खरं, पण मधला चौक आणि पश्चिमेला एक झाड जमू शकतं.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक गेडिसच. गो. स. घुर्ये त्यांच्या हाताखाली शिकले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला. त्यात घरांच्या प्रत्येक गटाच्या पोटात बागेची जागा होती. पुढे ते फ्रान्समधल्या माँपेलिए इथे स्थायिक झाले. तिथल्या खडकाळ, कोरड्या उतारावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी घर बांधलं आणि बाग उठवली. १९३२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.